अकरावा खांब

(बंगलोर, १९५९. बसवनगुडीच्या पलीकडे बनशंकरीच्या वाटेवरचं एक बैठं घर. स्वयंपाकघर, सकाळ.)

वसुमती : एका हातात लाटणं, दुसऱ्या हातात पाटी! याला शाळा म्हणतेस, सगुणा? तेवीस वर्षं नगरला मास्तरकी केली मी. असला वर्ग कुठं पाहिला नाही.

सगुणा : पोळ्या लाटताना पाढे चांगले होतात, अक्का. दोन्हीला ठेका लागतो.

वसुमती : आणि दानू? माझा सख्खा भाऊ. रेल्वेत तारमास्तर, आणि पोरीला घरी बसवून ठेवतो!

सगुणा : बसवून नाही ठेवली. आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. तापानं उजव्या पायातलं बळ गेलं तेव्हा सात वर्षांची होती ही. शाळा वरच्या मजल्यावर. रोज जिन्यात कुणीतरी हसायचं, ही रोज रडत घरी यायची. एक दिवस म्हणाली, आई, मला शिकायचंय, पण तो जिना नको. मी म्हटलं, सरी, बरं तर, जिना नको तर नको. शाळाच खाली आणू.

वसुमती : बोलायला गोड आहे. आता तेरा वर्षांची झाली. पुढं काय? तू स्वतः सातवी पास. सातवीपर्यंतचं शिकवलंस, त्यापुढं काय शिकवणार, कपाळ? नगरच्या बोर्डिंगात जागा सांगून आलेय मी. एकच मजला आहे, जिना नाही. गुरुवारच्या गाडीनं एस्तेरला घेऊन जाणार.

एस्तेर : आत्या, मला नाही यायचं.

वसुमती : मोठी माणसं बोलतायत ना, एस्तेर?

सगुणा : बोलू द्या तिला. तिचंच तर चाललंय.

एस्तेर : मला इथंच शिकायचंय. आईजवळ. तुम्ही माझी परीक्षा घ्या हवी तर.

वसुमती : घेते की! दहा प्रश्न. एक जरी चुकलं तरी गुरुवारी गाडीत बसायचं. तोंडातून अवाक्षर काढायचं नाही.

एस्तेर : आणि एकही नाही चुकलं तर?

वसुमती : तर मी एकटी जाईन. पुन्हा हा विषय काढणार नाही.

सगुणा : दहापैकी दहा? हे जरा जास्तच होतंय, अक्का. एस्तू, नको म्हण.

एस्तेर : असू दे गं. पण आत्या, आधी प्रार्थना. आमच्याकडे त्याशिवाय पेपर सुरू होत नाही. डोळे मिटा. प्रभू येशू, मला जे येतं ते वेळेवर आठवू दे. आणि आत्याला सोपं विचारायची बुद्धी दे. आमेन.

वसुमती : लबाड कुठली! आमेन. तेवीस सक्के?

एस्तेर : एकशे अडतीस.

वसुमती : कावेरीचा उगम?

एस्तेर : तलकावेरी, कूर्गात. अण्णांच्या रेल्वेच्या नकाशात नाही, आम्ही पेन्सिलीनं काढलाय.

वसुमती : वरणावरच्या झाकणाला आतून थेंब का येतात?

एस्तेर : वाफ वर जाते आणि गार झाकणाला लागून तिचं पाणी होतं. आई, वरण उतू जाईल हं.

सगुणा : अगोबाई, खरंच!

वसुमती : तिकडं काय बघतेस, इकडं बघ. हा कन्नड पेपर वाच. हं… हं… पुरे. मला कळत नाही, पण अडखळली नाहीस कुठं.

एस्तेर : पलीकडच्या भाग्यलक्ष्मी अक्कांना रोज वाचून दाखवते. चुकले तर त्या भिंतीवरून ओरडतात.

सगुणा : मलाही ओरडतात. माझं कन्नड स्वल्पच, तिच्यामागोमाग शिकतेय.

[…]

वसुमती : व्याजाचं बरोबर. इंग्रजी अर्जही बरोबर. नऊ झाली. बरी तयारी केलीयेस, तेवढं कबूल करते. आता दहावा. साठ फूट लांबीचं सरळ कुंपण. दोन्ही टोकांना खांब. दर सहा फुटांवर एक खांब. एकूण खांब किती?

एस्तेर : अकरा.

वसुमती : नीट विचार कर.

एस्तेर : केला. अकरा.

वसुमती : साठ भागिले सहा किती?

एस्तेर : दहा.

वसुमती : मग? चुकलं! शेवटचंच चुकलं.

सगुणा : अगं एस्तू, दहा गं! काय केलंस हे? अक्का, नऊ तर आली ना बरोबर? हात जोडते तुम्हाला. एकुलती एक पोर आहे माझी. ही गेली तर या घरात मी करू काय?

एस्तेर : आई, तू पण? अगं, आपलं कोंबड्यांचं कुंपण आठव! तीस फूट, दर सहा फुटांवर खांब. अण्णांनी पाचच खांब आणले होते. शेवटी जाळी बांधायला काही उरलंच नाही, म्हणून अण्णा दुसरा खांब आणेपर्यंत अर्धा तास मीच जाळी धरून उभी होते!

सगुणा : अय्यो, खरंच की! आणि तो लाल कोंबडा तुझ्याच पायातून पळाला!

वसुमती : कोंबडा राहू दे. माझ्या वहीत उत्तर दहा आहे. तेवीस वर्षं दहाच आहे.

एस्तेर : तुमच्या वहीनं कधी कोंबड्या पाळल्या नाहीत, आत्या. चला परसात, मोजू.

वसुमती : एवढ्या उन्हात?

सगुणा : चला, अक्का. आता मीच म्हणते, चला. एस्तू, कुबडी घे.

एस्तेर : मोजा. मोठ्यानं मोजा.

वसुमती : एक… दोन… तीन… चार… पाच… सहा.

एस्तेर : आणि मधले गाळे?

वसुमती : पाच.

एस्तेर : साठ फुटांना गाळे दहा. मग खांब?

वसुमती : …अकरा.

सगुणा : अक्का? बसा, या धुण्याच्या दगडावर बसा. पाणी देऊ?

वसुमती : नको. विद्या नावाची एक मुलगी होती माझ्या वर्गात. दोन वेण्या, किरकिऱ्या आवाजाची. ती म्हणाली होती अकरा. मी म्हटलं दहा. ती म्हणाली, नाही बाई, अकरा. उलट बोलते म्हणून दिवसभर वर्गाबाहेर उभी केली मी तिला. रडली पण नाही कार्टी. नुसती बघत राहिली माझ्याकडे.

सगुणा : आमच्याकडे यासाठी एक वही आहे, अक्का. जो चुकेल त्यानं आपल्या हातानं लिहायचं, खाली सही करायची. शनिवारी संध्याकाळी सगळ्यांदेखत वाचायचं. म्हणजे रविवारी चर्चला हलक्या मनानं जाता येतं.

वसुमती : आण. बघू… सगुणा, यात तर पानापानावर तुझीच सही!

सगुणा : मग! सातवीपुढचं सगळं मी पहाटे उठून शिकले आणि सकाळी तिला शिकवलं. बीजगणितानं तर रडवलं मला. चुकले, लिहिलं, पुन्हा केलं.

वसुमती : आणि ती तुला हसली नाही?

एस्तेर : हसले की! आई पण हसते माझ्या चुकांना. पण मग दोघी मिळून पुन्हा सोडवतो.

वसुमती : दौत दे इकडं. कुंपणाच्या गणिताचं उत्तर अकरा… विद्या बरोबर होती… मी चुकले. वसुमती. झालं. तिचं सासर सोलापूरला आहे, तिलाही आजच पत्र टाकते.

एस्तेर : आणि माझे मार्क, आत्या?

वसुमती : दहापैकी दहा. बोर्डिंगलाही कळवते, जागा दुसऱ्या मुलीला द्या म्हणून.

सगुणा : ऐकलंस, एस्तू? दहापैकी दहा! नगरच्या मास्तरीणबाईंनी दिलेत, तेही सातवी पास बाईच्या पोरीला! अहो भाग्यलक्ष्मी अक्का, ऐकलंत का? भिंतीपाशी या जरा! माझी पोर कुठं जात नाही!

वसुमती : अगं, हळू. गल्ली गोळा करशील.

सगुणा : करू दे गोळा! सहा वर्षं लोकांची बोलणी ऐकली, आज मी बोलणार.

वसुमती : बोला. पण मला एक सांगा, बाई. उद्या तुमची शाळा किती वाजता भरते?

सगुणा : अय्या, मला काय बाई म्हणता, अक्का!

वसुमती : विचारलं ते सांगा. मला बसायचंय वर्गात.

सगुणा : आठला. आणि उशीर झालेला चालत नाही.