कुंडीतला ठसा

शाळेत विषय बदलून घ्यायचा आज शेवटचा दिवस होता. कचेरीच्या खिडकीसमोर माझ्या पुढे नववीतली एक मुलगी आणि तिची आत्या उभ्या होत्या.

"प्राचीन जगाचा इतिहास नको म्हणजे नको, आत्या. सरांच्या अपेक्षाच फार आहेत."

"सगळे राजे पाठ करायचे की काय?"

"ते केले असते गं. पुराव्याशिवाय तोंड उघडायचं नाही म्हणतात. काल त्यांनी एक खापर हातात दिलं. मी म्हटलं, राजवाड्यातला रांजण!"

"मग?"

"सरांच्या गच्चीतली फुटकी कुंडी निघाली. अख्खा वर्ग खिदळला."

"अगं बाई! साधी कुंडी ओळखू येऊ नये?"

"तुला आली असती? नुसता काठाचा तुकडा होता. आतल्या बाजूला बोटाचा ठसा होता, हा एवढासा."

"म्हणजे कुंभाराच्या पोराचा."

"कशावरून? बारीक बोटांची बाई असेल."

"बरं बाई, बाईचा."

"आत्या, तेही नक्की नाही ना! आधी लहानमोठ्यांचे ठसे ओल्या मातीत घेऊन मापायला हवेत. माती वाळली की आक्रसते, तेही धरायला हवं."

"हे सरांनी सांगितलं?"

"छे! सरांना ठसा दिसलाच नाही. आणि मी रागाने दाखवला नाही."

"चला, पुढे कोण आहे?" खिडकीतून आवाज आला.

"जा, आला तुझा नंबर."

"आजोबा, तुम्ही व्हा पुढे," मुलगी मला म्हणाली. "आत्या, सर अजून वर्गात असतील का गं?"