थंड गाडी आणि लाडकीबायचे चिकू

मी वरोरचा. बाप होडीवर, चुलते होडीवर, मला मात्र पाणी सोसायचं नाही, होडीत बसलो की ओकायचो, म्हणून मी गाडीवर गेलो, म्हणजे मावऱ्याच्याच, मासळीच्या गाडीवर. उभी जवानी बर्फ आणि मावरं ओढण्यात गेली. गारवा कमी पडला की माल गेला, एवढंच शिकलो, आणि ते डोक्यात असं बसलं की काय सांगू तुम्हाला.

मग तिकडे तलासरीत, वेवजीच्या शेतकऱ्यांच्या गटाला सरकारकडून थंड गाडी मिळाली. गरीब भाग म्हणून गाडीला अनुदान, लांबच्या बाजाराच्या भाड्यालाही अनुदान. त्यांना माहीतगार ड्रायव्हर हवा होता, मी मोठ्या तोऱ्यात गेलो. झाडं सगळ्यांची थोडी थोडी, म्हणून चिकू एकत्र भरायचे, आणि कुठलं फळ तोडायचं ते लाडकीबाय ठरवायची. साठीची बाई, तोंडाची तिखट. नखाने साल जराशी खरवडायची, खाली हिरवं दिसलं की बोलायची, राहू दे, कच्चं आहे. पिवळसर दिसलं की तोडा. पुरुषमाणसंही तिला उलटून बोलायची नाहीत.

पहिली खेप जयपूरची. निघताना तिने गाडीत हात घातला नि बोलली, दादा, एवढं गार कशाला, आम्ही कोसबाडच्या शेती केंद्रात शिकायला गेलेलो तेव्हा सांगितलेलं, चिकूला जास्त थंडी नको. मी हसलो. बोललो, बाय, तू झाडाचं बघ, गारव्याचं मला शिकवू नको. आणि थंडी पार खाली नेली, मावऱ्याला ठेवतो तशी.

जयपूरला परतीचा माल मिळेना, तीन दिवस थांबलो, म्हणून डोळ्यांनी बघितलं. चिकू पिकेचनात. दगडासारखे तसेच, कापले तर आत काळपट. व्यापारी बोलला, ड्रायव्हरसाब, फल अच्छा था, ठंड ने मार दिया. माझ्या तोंडावर बोलला. आणि मी वेवजीला येऊन काय सांगितलं, तर व्यापारी बोलतो फळ कच्चं तोडलेलं. का सांगितलं? काम जाईल म्हणून, आणि खरं बोलायचं तर लाज वाटली म्हणून. सगळ्यांनी लाडकीबायकडे बघितलं. ती पदराला हात पुसत राहिली.

पुढच्या तोडणीला तिला कोणी बोलावलं नाही, तिच्या सुनेनेही नाही. अख्खा हंगाम ती ओट्यावर बसून दुसऱ्यांना तोडताना बघायची, आणि मी तिच्याच दारावरून गाडी न्यायचो, आता थंडी बेताची ठेवून. चिकू नीट पोचायला लागले, तर लोक बोलायचे, बघा, म्हातारी नाही तर सगळं बरोबर आहे. ते मला ऐकवेना.

शेवटी गटाच्या बैठकीत उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. शिव्या खाल्ल्या, खायलाच हव्या होत्या. लाडकीबायच्या घरी जाऊन पाया पडलो. ती बोलली, मला माहीत होतं रे फळ कच्चं नव्हतं, पण सगळेच बोलायला लागले, मग मलाच वाटलं, नजर गेली असेल माझी.

आता तिला परत बोलावतात, मानाने बोलावतात. गाडी मीच चालवतो, त्यांनी मला ठेवलं, त्यांची माणुसकी. पण ती आता साल खरवडते, बघते, आणि फळ शेजारणीपुढे धरून विचारते, तू बघ गं, तयार आहे ना. आधी ती कोणाला विचारत नव्हती. तेवढं काही मला परत देता येत नाही. देव तिला सुखात ठेवो.