फिरंग्याच्या पुस्तकावरचं कुंकू

मंडळी, सरसावून बसा! मागचे काका, भिंतीला टेकलात की डोळा लागतो — पुढे या! आज प्रश्न साधा आहे. आपल्या देवीची ज्यानं निंदा केली, त्याच्या पुस्तकाला कुंकू लावावं का? — नाही? किती पटकन माना हलल्या! थांबा. आधी ऐका.

खाडीकाठी नांदवली नावाचं गाव. तिथे जनार्दन केळुसकर, शाळेतले निवृत्त मास्तर. त्यांची मुलगी कुमुद. ती त्यांना अण्णा म्हणे. या अण्णांकडे एक पुस्तक होतं — साडेतीनशे वर्षांपूर्वी लिस्बनला छापलेलं! कुणी एक फिरंगी गलबतातून आपल्या किनाऱ्याला उतरला, गावोगाव हिंडला, त्याचं प्रवासवर्णन. कातडी बांधणी. पानं अशी, की जोरात शिंकलात तर चुरा! अण्णा पोर्तुगीज शिकले ते याच्यासाठी. माणसं पेन्शनीत आंब्याची कलमं बांधतात. हे बसून क्रियापदं चालवीत!

त्या पुस्तकात नांदवली होती. आणि नांदवलीची देवीही! तिचं चित्र होतं — डोक्यावर शिंगं, तोंडात सुळे, पायाशी हाडं. खाली लिहिलेलं, 'इथले लोक या सैतानिणीला पूजतात.' आता बोला!

दसऱ्याला आपण पाटीवर सरस्वती काढतो, पाटावर पुस्तकं मांडतो — मिटून. अण्णा हे एकच पुस्तक उघडून ठेवीत. कुठे उघडून? नेमकं त्या चित्राशी! आणि पानाला बोटानं कुंकू टेकवीत.

कुमुद दारातून हे बघायची. बारा वर्षं गिळलं. तेराव्या दसऱ्याला मात्र फुटली.

"अण्णा, काही वाटतं का तुम्हाला? शिव्या देणाऱ्याला कुंकू?"

"अगं, इकडे ये. बघ तरी —"

"मला नाही बघायचं! नैवेद्यही तुमचा तुम्हीच दाखवा!"

ताडकन आत गेली. वाचणारी मुलगी हो! चार कपाटं पुस्तकं संपवलेली. पण त्या दिवशी पाच पावलं टाकून पाटापाशी गेली नाही.

माघात अण्णा गेले.

चैत्रात तिनंच पुण्याच्या रेग्यांना पत्र घातलं. हे रेगे दुर्मीळ पुस्तकं जमवणारे. 'पुस्तक घेऊन जा. मला घरात नको.' आले बिचारे धावत. पुस्तक उघडलं, चेहरा फुलला — आणि एकदम पडला.

"अरेरे! कुंकू कुणी लावलं हे?"

"चित्रावर ना? ठाऊक आहे मला."

"चित्र स्वच्छ आहे, ताई. डाग समोरच्या पानावर आहे. तोही एवढ्या चार ओळींवर."

कुमुद पुढे आली, पानावर वाकली. मग म्हणाली, "काय लिहिलंय तिथे?"

रेग्यांनी चष्मा लावला. मोडक्यातोडक्या पोर्तुगीजच्या जोरावर अडखळत सांगू लागले — "'मला ताप भरला. सोबतचे लोक टाकून गेले. गावातल्या एका म्हातारीनं अकरा दिवस मला पेज पाजली. तिचा मुलगा आमच्याच तोफेनं मेला होता, हे मला नंतर कळलं.'"

"तिचं नाव?"

"नाव नाही लिहिलं."

डाव्या पानावर सुळे, उजव्या पानावर ती म्हातारी. एकच माणूस, एकच शाई! आणि अण्णा दर दसऱ्याला कुंकू लावीत होते ते या बाईला.

रेगे म्हणाले, "काळजी करू नका. माझ्याकडे कारागीर आहे. डाग असा काढील, की होता म्हणून कळायचं नाही."

"काढायचा नाही."

"अहो, पण असं डागाळलेलं पुस्तक मी संग्रहात —"

"मग नका नेऊ. चहा घ्या."

घेतला हो त्यांनी! एवढ्या लांबून येऊन नुसत्या चहावर परत गेले, आणि तोंडातून वाकडा शब्द नाही — पुण्याच्या माणसाचं हे मोठेपण मोजा!

मंडळी, आता सांगा. अण्णांनी निंदकाला हात जोडले का? मघाशी माना हलवल्यात त्या कुणासाठी?

पुस्तक राहिलं. पण त्या चार ओळी अण्णांच्या तोंडून ऐकायच्या राहिल्या, त्या राहिल्याच. परक्याकडून ऐकाव्या लागल्या.

तुमच्याही घरात असं कुणीतरी असेल. एकाच जुन्या फोटोला हार घालतं, नदीपाशी गाडी थांबवायला लावतं. तुम्हाला हसू येतं. राग येतो. कधी विचारलंत, का म्हणून?

इतक्यात आरती सुरू होईल. पण ज्यांच्या घरी असं म्हातारं माणूस अजून आहे, त्यांनी आरतीला थांबलं नाही तरी चालेल. देवी काही म्हणणार नाही. उठा. जा घरी.