फणसाचा पिवळा पाट

जुन्नरच्या रंगाच्या दुकानात माझ्या पुढचे म्हातारबुवा दुकानदाराला म्हणाले,

"अमजदभाऊ, वादळात पडलेल्या फणसाचा पाट केलाय. आज हळदीवाणी पिवळा हाय, तसाच ऱ्हायला पायजे."

"मग तेल अजिबात लावू नका, रखमातात्या. काळा पडंल. बिनरंगाच्या लॅकरचे दोन हात मारा, वरीसभर बघायला नको."

"वरीस कशाला? आमच्या म्हातारीच्या, साळूच्या डोळ्याची पट्टी बुधवारी सुटतीय. दुसऱ्या डोळ्यानं तिला दिसत न्हाई. फणस तिनंच लावला व्हता."

"बुधवारपातूर नुसता फडक्यात गुंडाळून ठेवा की!"

"ठेवतो, पण ती धा येळा फडकं सोडून हात फिरवती. गुडघ्याला चोळलेलं तेल हाताला तसंच असतंय."

"मग सांगा की त्यांना!"

"कसं सांगू, राव? हात फिरवताना लई हसती."