लुसियाचं गाऱ्हाणं

सोलापुरात डॉक्टरांकडं नंबर लावून बसलो होतो. शेजारच्या बाईंना सिस्टरनं विचारलं,

"काय होतंय, मावशी?"

"झोप न्हाय. पोरगी शिकायला जर्मनीला गेली, तवापासनं. वरीस झालं. थांबा, तिचाच फोन हाय."

त्यांनी फोन स्पीकरवर घेतला.

"आई, आत्ता खोलीवर पोचले. मेले नुसती!"

"दोन दिस कुटं व्हतीस, साक्षी?"

"प्रागला. मी, ब्राझीलची लुसिया आणि घानाचा क्वामे. पूल बघ, किल्ला बघ, घड्याळ बघ. पळून पळून टाचा सोलल्या."

"चांगली हायत न्हवं समदी?"

"कसली चांगली! लुसियाचे फोटोच संपेनात, परतीची बस गेली. भर स्टँडवर मराठीत झापलं तिला."

"आन् ती?"

"ती तिच्या भाषेत माझ्यावर ओरडली. क्वामे मधे पडला, तर आम्ही दोघी त्याच्यावर उखडलो."

"मग?"

"मग दुसऱ्या बसमध्ये माझ्याच खांद्यावर डोकं टाकून घोरली. अजून फुगलीय, तरी उद्या पिठलं खायला येणारंय."

बाईंनी पदर नाकाला लावून मोठ्यानं नाक ओढलं.

"आई, रडतीस का? मिटलं गं."

"रडतंय कोण! वरीसभर इचारलं की तुजं एकच, सगळे चांगले आहेत, सगळे चांगले आहेत. आज पैल्यांदा कुणाचं गाऱ्हाणं केलंस. मिरची जरा जास्त घाल तिच्या पिठल्यात."

"मावशी, चला, तुमचा नंबर."

"ह्या शेजारच्या पावन्यास्नी सोडा आत. मी घरी जाऊन पडते जरा."