साडूची ओरिजिनल आणि माझी डुप्लिकेट

...डुप्लिकेट म्हणे! अहो, आठ माणसं पोटात घालून घाट चढते ती गाडी, आणि तिला डुप्लिकेट? तुम्हाला सांगतो, हे सगळं माझ्या साडूचं काम! त्याने आधी व्हॅन घेतली. मोठी, घरगुती, तीन रांगांची. वर्षभराने मीही घेतली, तशीच, चंदेरी. फक्त माझ्या गाडीवर दुसऱ्या कंपनीचं नाव. एकाच कारखान्यात, एकाच पट्ट्यावर बनतात हो दोन्ही! गाडी तीच, बिल्ला वेगळा! पण साडू? घरी आला की माझ्या गाडीभोवती एक चक्कर मारणार, टायरला हलकीच लाथ घालणार आणि म्हणणार, "छान आहे हो... पण ओरिजिनलची मजा नाही!"

आता, दोष नाहीत असं मी म्हणत नाही. सरकतं दार अडतं. मागच्या सीटवर बसलेल्या माणसाचे गुडघे कानाला लागतात. पण मी म्हणायचो, "साडूभाऊ, तुमचंही दार अडत असेल की!" तर हा छाती काढून, "आमचं? लोणी आहे लोणी!"

परवा दुपारी त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. त्यांची मुलगी, म्हणजे आमची भाची, बाळंतपणाला माहेरी आलेली. हात धुतोय न धुतोय तोच मेव्हणी आतून ओरडली, "अहो, हिला कळा सुरू झाल्या!" झालं! साडूचा चेहरा पांढराफटक. "माझी गाडी काढा! त्या डुप्लिकेटमध्ये माझी पोर बसणार नाही!" आणि किल्ली? खिळ्यावर नाही, टेबलावर नाही, हा उशा उलट्या करतोय! पोरगी भिंतीला धरून म्हणतेय, "बाबा, कुठलीही काढा हो!" माझी किल्ली खिशातच होती. काय करणार? निमूट गेलो आणि माझी काढली.

दाराशी आणली, तर सरकतं दार अडलं! मी ओढतोय, बायको ओढतेय, आणि साडू धावत आला, "सरका! वर उचला, खालून गुडघा मारा!" खाडकन उघडलं! मी म्हटलं, अरेच्चा... लोण्याला गुडघा मारायची सवय कशी काय याला? पण ही वेळ होती का विचारायची?

निघालो. स्टिअरिंगवर कव्हर, त्यामुळे बिल्ला झाकलेला, आणि हा आपलीच गाडी समजून शेजारी बसून लागला की सुरू! "बघा कशी पळतेय! खड्डा कळला? नाही ना? ओरिजिनल आहे ओरिजिनल!" मागून पोरगी विव्हळतेय, "काका, लवकर..." आणि हा, "घाबरू नकोस बाळा, आपलीच गाडी आहे!" जीभ शिवशिवत होती हो माझी! गाडी तीच, बिल्ला वेगळा, एवढंच म्हणायचं होतं! पण बायकोने आरशातून असं बघितलं, की मी गिअर टाकला आणि तोंड मिटलं.

दवाखान्यात पोचलो. पोरीला चाकाच्या खुर्चीवर बसवून आत नेलं, आणि आम्ही सगळे बाहेर बाकावर. साडू एकदम लहान झाला होता हो. माझा हात घट्ट धरून बसला. डुप्लिकेट नाही, ओरिजिनल नाही, काही नाही. मग नर्स आली. "मुलगी झाली, दोघी छान आहेत!" तेव्हा हा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देऊन रडला, आणि तुम्हाला सांगतो, मीही रडलो!

डोळे पुसून कपड्यांची बॅग आणायला दोघे गाडीपाशी गेलो. साडू मागच्या दाराला हात घालतो तर... समोर माझा बिल्ला! हा बिल्ल्याकडे बघतोय, मी याच्याकडे. म्हटलं, आता? आता तरी म्हण, बाबा! गाडी तीच, बिल्ला...

हनुवटी खाजवली त्याने. आणि म्हणाला, "तरीच! मघाशी धक्के जरा जास्तच बसत होते!"

नुकत्याच आजोबा झालेल्या माणसाशी काय भांडणार हो? बॅग उचलली आणि निघालो त्याच्यामागे.