लॉगिन आप्पांचं होतं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या तपासणी नाक्याचे व्यवस्थापक माननीय धर्मेंद्र साहेब, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे धानोऱ्याचे रेवजीनाना, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो ते सत्कारमूर्ती पितांबर आप्पा, त्यांच्या शेजारी बसलेल्या मीनाबाई म्हणजे आमच्या काकू, आप्पांची लेक काजलताई, तिन्ही शिफ्टचे सहकारी, बॅरिअरवरचे सुरक्षा रक्षक, आणि गाडी बाजूला लावून आत आलेले ड्रायव्हर बंधू, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मागे आवाज येतोय ना? बरं.

सूत्रसंचालन करणाऱ्या संध्याताईंनी मला पाच मिनिटं दिली आहेत. शूटिंग चालू आहे, नीट मराठीत बोल, अहिराणीत सुटू नको, असंही बजावलं आहे. प्रयत्न करते. आप्पांचं बोलणं सांगायची वेळ आली की मात्र माझा नाइलाज आहे, कारण आप्पा कोणत्याच साहेबाशी दुसऱ्या भाषेत बोलले नाहीत.

आधीच्या वक्त्यांनी आप्पांच्या एकतीस वर्षांच्या सेवेबद्दल फार छान सांगितलं. वक्तशीरपणा, डबा वाटून खाणं, कधी रजा न घेणं. शेवटी धीरजभाऊंनी त्यांना केळीचा घड भेट दिला आणि ‘आमचे केळीआप्पा’ असं म्हणाले. सगळे हसले. आप्पाही हसले. मीही हसले. या नावाबद्दलच मला बोलायचं आहे, आणि आजच बोलायचं आहे, कारण आप्पा पाच वाजता सेवेतून मोकळे होतील आणि त्यांचं सेवापुस्तक बंद होईल. त्या पुस्तकात दोन वर्षांपूर्वीचा एक शेरा आहे. ‘कर्तव्यात निष्काळजी.’ निवृत्तीनंतर इतर नाक्यांवर नवीन भरती झालेल्यांना शिकवायला जायचं, असं आप्पांचं ठरलं होतं. शेरा असलेल्या माणसाला शिकवायला बोलावता येत नाही, असा नियम आहे. पुस्तक बंद झाल्यावर शेरा काढता येत नाही, असाही नियम आहे.

काजलताईंच्या सासरचे पाहुणे पहिल्यांदा आले आहेत, त्यांच्यासाठी आमचं काम थोडक्यात सांगते. नाक्यावर प्रत्येक लेनच्या दोन्ही बाजूंना पांढरे खांब आहेत. लोकांना वाटतं तिथे वजन होतं. वजन पुढे होतं. हे खांब गाडीतून किरणोत्सर्ग येतो का ते मोजतात. गाडी हळू जाते, आमच्या खोलीत पडद्यावर एक रेघ चालते. रेघ वर गेली की चौकट लाल होते, भोंगा वाजतो आणि बॅरिअर अडकतो. मग ऑपरेटरने कॅमेऱ्यात गाडी बघायची, कागद मागवायचे, शंका असेल तर हातातलं मीटर घेऊन खाली जायचं, आणि शेवटी पडद्यावरच्या रकान्यात कारण लिहायचं. कारण लिहिल्याशिवाय बॅरिअर उघडत नाही. एवढंच काम. नऊ वर्षं मी हेच करते आहे.

आता तुम्ही विचाराल, आपल्या या भागात किरणोत्सर्ग कुठून येणार? मीही पहिल्या दिवशी तेच विचारलं होतं. आप्पांनी डब्यातलं केळं काढलं, मीटरजवळ धरलं आणि म्हणाले, “हाई देख. एकमा काईच नही. आख्खा ट्रक भरी ऊना की मंग भोंगा वाजस.” केळीत पोटॅशियम असतं, त्यातून अगदी थोडे किरण निघतात. खतातून निघतात. फरशीतून निघतात. कुणाला काही होत नाही, पण खांबांना ते कळत नाही. एकदा सुरतेहून गळ्याच्या गाठीवर किरणांचं औषध घेऊन एक गृहस्थ जीपने येत होते, भोंगा वाजला. जीपमधले बाकीचे भराभर खाली उतरले आणि लांब जाऊन उभे राहिले. आप्पांनी त्यांचा दवाखान्याचा कागद वाचला, स्वतःच्या हाताने त्यांना चहा नेऊन दिला आणि बाकीच्यांना म्हणाले, “किरण चिकटतस नही, भाऊ. बठा गाडीमा.” तो कार्यक्रम मला आजही आठवतो. कार्यक्रम म्हणाले का मी? प्रसंग. माफ करा, आज सकाळपासून शब्द जागेवर येत नाहीत.

तर केळी. हंगामात शहाद्या-तळोद्याकडून इतके केळीचे ट्रक येतात की पडदा दिवसभर लालच असतो. रकान्यात ‘के’ एवढंच टाइप केलं की पुढचा शब्द आपोआप भरतो. के, एंटर. बॅरिअर वर. के, एंटर. बॅरिअर वर. आम्ही ऑपरेटर आपसात कामाला काम म्हणत नव्हतो. “आज किती के-एंटर?” असं विचारायचो. दुसरी एक सवय. सिस्टीममध्ये प्रत्येकाचं लॉगिन वेगळं आहे, पण बदलायला चार-पाच मिनिटं लागतात आणि तेवढ्यात बाहेर हॉर्न सुरू होतात. म्हणून शिफ्टचे प्रमुख सकाळी एकदा लॉगिन करायचे आणि खुर्चीवर कोणीही बसलं तरी दिवसभर तेच चालायचं. साहेब, हे आपल्यालाही माहीत होतं. मी तक्रार करत नाही, फक्त सांगते आहे.

दोन वर्षांपूर्वी चैत्रात, दुपारी साडेबाराला, एका लेनमध्ये केळीचा ट्रक होता आणि दुसऱ्या लेनमध्ये भंगाराचा. दोन्ही चौकटी लाल झाल्या. मी के-एंटर केलं. मग पुन्हा के-एंटर केलं. भंगाराच्या ट्रकची रेघ पडद्याच्या वर निघून गेली होती. कॅमेऱ्यात पत्रे आणि पाइप दिसत होते. माझे डोळे उघडे होते आणि समोरच होते. मला दिसलं नाही, असं मी म्हणणार नाही. दिसलं. पण लाल रंगाचा माझ्यासाठी काहीच अर्थ उरला नव्हता. नऊ वर्षांत भोंगा ऐकून मला कधी भीती वाटली का? पहिले दोन महिने वाटली असेल.

होय, आप्पा. मला माहीत आहे तुम्ही हात का करताय. बसा.

आप्पा तेव्हा जेवून आले आणि त्यांनी मागच्या नोंदी पाहिल्या. जेवून आल्यावर ते रोज बघायचे. भंगाराच्या गाडीपुढे ‘केळी’ हा शब्द त्यांनी वाचला. मीटर उचललं, मोटरसायकलला किक मारली. ट्रक पुढे नऊ किलोमीटरवर एका ढाब्याशेजारी उभा होता. ड्रायव्हर वीरसिंगभाऊ, मूळचे धडगावकडचे, ते मागच्या चाकाला टेकून सावलीत भाकरी खात होते. वीरसिंगभाऊ आज आले आहेत, शेवटच्या रांगेत आहेत. आप्पांनी त्यांना हाताला धरून लांब नेलं, ढाबा रिकामा करवला आणि रस्त्याच्या मधोमध उभे राहून गाड्या थांबवल्या. पथक यायला साडेचार तास लागले. तेवढा वेळ कोणी ट्रकजवळ जाऊ नये म्हणून आप्पा सगळ्यांच्या पुढे उभे होते. म्हणजे ट्रकच्या बाजूला. भंगारात, कुठल्यातरी बंद पडलेल्या कारखान्यातल्या मोजणीयंत्राची किरण सोडणारी नळी निघाली. दोन बोटांएवढी.

डॉक्टरांनी वीरसिंगभाऊंना तपासलं, आप्पांना तपासलं. थोडक्यात निभावलं, काही होणार नाही म्हणाले. आणि झालंही नाही.

मी त्या संध्याकाळी काय केलं? डबा उघडला. गिलक्याची भाजी होती. पूर्ण खाल्ली. घरी गेले, कपडे वाळत घातले. मला वाटत होतं, आता रडू येईल, आता हातपाय कापतील. काही झालं नाही. खरं सांगायचं तर आजही होत नाही. इथे उभी राहून मी हे बोलते आहे आणि आत बघते आहे, तर तिथे काहीच हलत नाही. लाज वाटायला हवी हे मला कळतं. कळणं आणि वाटणं यांत इतकं अंतर असतं हे मला माहीत नव्हतं.

पुढे चौकशी झाली. तीन साहेब होते. मलाही बोलावलं होतं. पहिला प्रश्न मलाच आला, “नोंद कोणी केली?” मी तोंड उघडायच्या आधी आप्पा म्हणाले, “लॉगिन मन्हं शे, साहेब.” ते खोटं नव्हतं. लॉगिन त्यांचंच होतं. साहेबांनी मला विचारलं, “बरोबर आहे का?” मी म्हणाले, “हो.” तेही खोटं नव्हतं. कागदावर शेरा पडला, आणि नाक्यावर ‘केळीआप्पा’ हे नाव. बाहेर आल्यावर मी आप्पांना विचारलं, कसाले? ते म्हणाले, “तुन्ही नोकरी कंत्राटी शे, उद्या काढी टाकतीन. मन्ही पक्की शे. माले काय व्हई?”

आप्पा, तुम्हाला काय झालं ते मी सांगते, कारण तुम्ही कधी सांगितलं नाही.

गावात बातमी गेली, आप्पांना किरण लागले. लग्नाच्या पंगतीत त्यांच्या शेजारचं पान रिकामं राहू लागलं. त्याच महिन्यात काजलताई बाळंतपणासाठी माहेरी आल्या होत्या. काजलताई, मी तुम्हाला दोष देत नाही, तुम्हाला कोण काय काय सांगत होतं ते मला माहीत आहे. पण सव्वा महिना झाला, बारसं झालं, आणि आप्पांनी नातीला मांडीवर घेतलं नाही. ज्या माणसाने अनोळखी पाहुण्याला चहा नेऊन दिला, तो माणूस स्वतःच्या घरात ओसरीवर वेगळं ताट घेऊन बसला. किरण चिकटत नाहीत हे नाक्यावर सगळ्यांना शिकवणाऱ्याचं घरात कोणी ऐकलं नाही, आणि मग ते सांगायचेही थांबले.

तेव्हा काकू माझ्याकडे आल्या होत्या. मीनाकाकू, आठवतं ना? तुम्ही म्हणालात, “तू तठेच व्हती ना, माय? यास्नी इतली मोठी चूक कशी करी? एकोणतीस वरीसमा कधी करी नही.” मी तुम्हाला पाणी दिलं. घरी ज्वारी कशी आहे ते विचारलं. तुम्ही पायरीवर थोडा वेळ बसलात आणि बसने परत गेलात. त्या दिवशी मी एक वाक्य बोलले असते तर निदान घरात तरी तुम्ही त्यांना चुकलेला माणूस समजला नसता.

ती नोंद मी केली होती. दोन्ही नोंदी मीच केल्या होत्या.

नाही आप्पा, मी खाली बसणार नाही. सगळ्यांना ऐकू आलं नसेल तर सांगते, आप्पा म्हणताहेत, “जाऊ दे ना आते, पोरी, काय कामनं?” काय कामाचं ते साहेबांना माहीत आहे. आज सकाळी दहाला मी लेखी जबाब त्यांच्या टेबलावर ठेवला. साहेब म्हणाले, कार्यक्रम होऊ द्या, मग पाहू. साहेबांचा हेतू चांगला होता. पुढच्या महिन्यात कंत्राटाची यादी निघणार आहे आणि माझं नाव त्यात राहावं असं त्यांना वाटतं. पण कार्यक्रम संपेल तेव्हा पाच वाजून गेलेले असतील. म्हणून मी हे माईकवर बोलले. इथे शूटिंग चालू आहे आणि दीडशे माणसं बसली आहेत, आता ते कोणाला बाजूला ठेवता येणार नाही.

मला आत्ताही काही वाटत नाही. कधीतरी वाटेल. तोपर्यंत आप्पांनी थांबायचं कारण नाही.

संध्याताई, पाच मिनिटांची पंधरा झाली, मला कळतंय. मंडपवाल्यांचे, साउंडवाल्यांचे, लांबून आलेल्या वीरसिंगभाऊंचे आणि शांतपणे ऐकून घेणाऱ्या तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. कोणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, मानापानात कमी-जास्त झालं असेल, बोलण्यात वेडंवाकडं गेलं असेल, तर ते तुम्ही मोठ्या मनाने पोटात घाला. भंगाराच्या गाडीचं तेवढं घालू नका. साहेब, चार वाजून बत्तीस मिनिटं झाली आहेत. आप्पांचं पुस्तक उघडा, तो शेरा खोडा, आणि जिथे लिहायचा तिथे लिहा. रूपाली भूपेश मराठे, कंत्राटी ऑपरेटर, क्रमांक एकशे बारा. रूपालीतला ‘रू’ दीर्घ आहे.